मुठीतला राघू

आमच्या घरात काठीवरून जितकी भांडणं झाली तितकी वाटणीवरूनही झाली नाहीत. वाटणीचं भांडण दोन दिवसांत मिटलं. काठीचं मात्र एक पावसाळा, एक दिवाळी आणि अर्धा उन्हाळा पुरलं. भांडणारी माणसं दोनच, माझे सासू-सासरे. आम्ही बाकीचे नुसते बघे.

निमित्त झालं शेवाळाचं. बेळगावचा पाऊस ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. आषाढ-श्रावणात परसातल्या फरशीवर हिरवा मखमली थर चढतो आणि दिसायला मोठा गोड दिसतो. फुलं काढून घरात येताना सासूबाईंचा पाय त्यावरून सरकला. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. वय बहात्तर. ऑपरेशन झालं, घरात वॉकर आला आणि दोनेक महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "आता वॉकर सोडा, काठी घ्या."

सासूबाई म्हणाल्या, "मला दोन मुलगे आहेत. काठी कशाला?"

आम्ही हसलो, पण त्या हसत नव्हत्या. हा घोळ आपल्या भाषेनंच करून ठेवलाय. मुलाला आपण म्हातारपणची काठी म्हणतो. मग खरीखुरी काठी हातात आली की बाईला वाटतं, लोक म्हणतील मुलगे असून काठीची पाळी आली. त्यातला एक मुलगा पुण्याला. दुसरा, म्हणजे आमचे हे, सकाळी नऊला खडेबाजारातल्या दुकानात जातात ते रात्री नऊलाच परततात. पण हे त्यांना कोण सांगणार?

बाजारातून अॅल्युमिनियमची काठी आणली. बटण दाबून उंची कमी-जास्त करायची सोय, राखाडी मूठ. ती दाराआड उभी राहिली आणि तिच्यावर छत्री लटकू लागली. सासूबाई भिंत धरून चालायच्या. स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत भिंतीवर कमरेच्या उंचीवर एक तेलकट पट्टा उमटला. घरात हे जमलं. पण रस्त्याला भिंत नसते. बस्तीत जाणं बंद झालं, शेजारणीकडे जाणं बंद झालं. उंबरा ही सीमा ठरली.

व्यायाम शिकवायला येणारी मुलगी कन्नड बोलणारी होती. ती काठीला 'ऊरुगोलु' म्हणायची. ऊरणं म्हणजे टेकणं, रोवणं. कोलु म्हणजे काठी. मला तो शब्द फार आवडला. मराठीत काठी म्हटलं की आधी उगारलेली काठी डोळ्यांसमोर येते. मारायची, हाकायची, कुत्र्याच्या अंगावर फेकायची तीही काठी, आणि टेकायची तीही काठीच. कन्नडनं टेकायच्या काठीला वेगळं नाव दिलं, हे मला मोठं शहाणपणाचं वाटलं.

आता सासऱ्यांविषयी. मामंजी शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांना लाकडाचा नाद लागला. आंबोलीच्या घाटानं सावंतवाडीला जायचं, चितारआळीत तासन् तास खेळणी करणाऱ्यांजवळ बसायचं आणि येताना एखादा ठोकळा घेऊन यायचं, हा त्यांचा छंद. नातवंडांसाठी हत्ती, गाड्या, भोवरे असं काही ना काही करत असत. बायकोसाठी मात्र आयुष्यात त्यांनी काही केलेलं मी पाहिलं नव्हतं. साडीसुद्धा सासूबाई स्वतःच आणायच्या आणि वर "ह्यांनी आणली" म्हणून सांगायच्या.

दिवाळी झाल्यावर एक दिवस मामंजींनी माळ्यावरून जुनं मुसळ काढलं. शिसवीचं, चिकोडीकडच्या घरातून आलेलं. सासूबाई नव्या सुना होत्या तेव्हा त्याच मुसळानं भात कांडायच्या. मामंजींनी टोकाची लोखंडी वसवी ठोकून काढली आणि रंधा हातात घेतला.

"हे काय करूलालाय?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"मुसळाला बारीक करूलालोय. खाऊन खाऊन जाड झालंय."

मुसळच का, ते त्यांनी मला नंतर समजावलं. काठीचा दांडा मोडतो तो बहुधा जाडी कमी पडल्यामुळं नाही, तर लाकडाच्या रेषा तिरप्या गेल्यामुळं. रेषा वरपासून खालपर्यंत सरळ धावत असतील तर बारीक काठीही भार घेते. त्या मध्येच बाजूला निसटत असतील तर जाड काठीही तिथंच चिरते. वर्षानुवर्षं उखळात आपटूनही जे चिरलं नाही, त्याच्या रेषा तपासायची गरज नव्हती. वरच्या बाजूला इंचभर जाडी आणि खाली त्याहून थोडी कमी, असा दांडा तयार झाला.

उंची मोजायची होती, पण मापाला उभं राहा म्हटलं असतं तर सासूबाई उभ्या राहिल्या नसत्या. त्यामुळं त्या देवघरापुढं जप करत उभ्या असताना मामंजींनी मागून टेप धरला. माणूस सरळ उभा, हात मोकळे सोडलेले. जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंत जी उंची भरते, ती काठीची उंची. म्हणजे मूठ धरल्यावर कोपर जरासं वाकतं आणि खांद्याला ओढ बसत नाही. बाहेर चपला घालून चालायचं, म्हणून मापात चपलेची जाडी धरायची. सगळं मिळून भरलं साडेएकोणतीस इंच. लोक काठी विकत घेताना लाकूड बघतात, पॉलिश बघतात, उंची बघत नाहीत. उंच काठीनं खांदा वर चढतो, आखूड काठीनं माणूस वाकतो.

खरा प्रश्न मुठीचा होता. साधी वाकडी मूठ केली असती तर तीही दाराआड गेली असती, हे मामंजी जाणून होते. म्हणून मुठीला प्राण्याचं तोंड करायचं ठरलं. आणि गुपित फुटलं, कारण कुठला प्राणी, हे त्यांनी सासूबाईंनाच विचारलं.

"सिंहाचं मुंडकं करतो. रुबाबदार दिसेल."

"मुंडकं काय म्हणताय? मुख म्हणा. आणि सिंह नको. महावीरांचं लांछन आहे ते. ज्यांच्यापुढं डोकं टेकायचं, त्यांच्या चिन्हावर मी तळहाताचा भार टाकू?"

"बरं, हत्ती."

"अजितनाथ."

"घोडा?"

"संभवनाथ."

माकड, मगर, गेंडा, रेडा, रानडुक्कर, साळिंदर, हरीण, बोकड, मासा, कासव, नाग... चोवीस तीर्थंकरांपैकी सोळा जणांची चिन्हं आमच्या परंपरेत प्राणी-पक्ष्यांची आहेत. मामंजी एकेक नाव घेत गेले, सासूबाई एकेका भगवंताचं नाव घेत गेल्या. दुपारभर हा खेळ चालला. मला वाटतं, पडल्यापासून पहिल्यांदाच त्या दोघांनी पायाशिवाय दुसरं काही बोलणं केलं असेल.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "राघू करा. राघू कुणाचाच नाही."

राघू कोरायला सोपा नाही. पहिला नमुना पांगाऱ्याचा केला. पांगारा हलका, पटाशीखाली लोण्यासारखा. सावंतवाडीच्या खेळण्यांना तो छान. पण एकदा फरशीवर पडला तर चोच उडाली. दुसऱ्यांदा मामंजींनी जुन्या चौकटीचा सागवान घेतला आणि राघूला आडवा निजवला. डोकं पुढं, पाठ मधे, लांब शेपूट मागं. लाकडाच्या रेषा चोचीपासून शेपटापर्यंत आडव्या धावतील असा ठोकळा धरला. प्राण्याच्या मुठीत कान, चोच, शिंग असं जे काही बाहेर डोकावतं, ते रेषांना आडवं गेलं की पहिल्या ठोकरीला तुटतं. म्हणून चोचही पुढं ताणून न काढता छातीकडे वळवली, छातीला चिकटलेलीच ठेवली.

आणखी एक गोष्ट मी तेव्हा शिकले. ठोकळा चौकोनी असतानाच दांड्यासाठी खालचं भोक पाडून घ्यायचं. राघू कोरून झाल्यावर पाडायला गेलात तर गोल लाकूड पकडीत सरळ बसत नाही, गिरमिट तिरकं जातं आणि सगळी मेहनत वाया. भोक आधी, मग बाजूनं काढलेल्या चित्रावरून करवत, मग कडा मारायच्या, मग गोल पटाशी, मग कानस आणि शेवटी काचपेपर. दांड्याच्या टोकाला कुसू काढून ते भोकात बसवलं आणि जोडावर पितळेचं कडं चढवलं.

पण त्याआधी कणकेचा प्रकार झाला. राघू दिसायला कितीही सुंदर असला तरी तो तळहातात बसला पाहिजे. मामंजी मला म्हणाले, "पोरी, घट्ट कणकेचा गोळा दे." तो त्यांनी दांड्यावर थापला आणि सासूबाईंना म्हणाले, "दाब." त्यांनी डाव्या हातानं दाबला. दुखणारा पाय उजवा, म्हणून काठी डाव्या हातात. आपल्याला उलटंच वाटतं, पण चालताना डावा हात आणि उजवा पाय एकदम पुढं जातात, तेव्हा भार वाटून घेणारी काठी दुखऱ्या पायासमोरच्या हातातच हवी. कणकेत चार बोटांच्या खळ्या आणि अंगठ्याचा उतार उमटला. त्यावर मामंजींनी गंमत म्हणून चोच काढली, दोन डोळे टोचले. झाला पिठाचा राघू.

सासूबाई एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पुसून टाका ते डोळे. यशोधर राजाचं काय झालं, ठाऊक आहे ना?"

आमच्या घरांत ही गोष्ट लहानपणीच कानावर पडते. यशोधर राजानं आईच्या आग्रहाखातर देवीला बळी दिला, पण खऱ्या कोंबड्याचा नव्हे, पिठाच्या. रक्ताचा थेंब सांडला नाही. तरी मायलेकांना पशुपक्ष्यांचे जन्म घेत फिरावं लागलं. कारण सुरी पिठावर चालली तरी मनातला कोंबडा खरा होता.

मामंजींनी कणीक चोळून डोळे पुसले. आणि म्हणाले, "तो मारायला केला होता. हा धरायला करतोय."

मी नंतर कितीतरी वेळा या वाक्याकडे परत गेले आहे. वेगळं काय होतं? तेच पीठ, तोच पक्षी, हातात तशीच धारदार पटाशी. फरक फक्त कशासाठी एवढाच. मला उगारलेली काठी आणि ऊरुगोलु आठवले.

पुढं मी काठ्यांविषयी मिळेल ते वाचत गेले. प्राण्याला मुठीत घ्यायची माणसाची हौस फार जुनी आहे. इजिप्तच्या देवदेवतांच्या हातात दिसणाऱ्या दंडाचं टोक एका प्राण्याच्या डोक्याचंच असतं. तुतनखामेन राजाची कबर १९२२ साली सापडली तेव्हा आत सुमारे १३० काठ्या आणि दंड निघाले. त्यातल्या काहींच्या वळणावर प्राणी नाही, हात बांधलेले शत्रू कोरले आहेत. म्हणजे राजानं काठी धरली की शत्रू मुठीत. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या साहेबांना कुत्र्याच्या तोंडाच्या मुठींचं वेड होतं; कळ दाबली की जबडा उघडून हातमोजे धरणारे कुत्रेसुद्धा त्यात होते. यांतल्या कितीतरी मुठी हस्तिदंताच्या. सिंहाचं तोंड कोरायचं आणि त्यासाठी हत्ती मारायचा! आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९८६ च्या दुरुस्तीनं भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद केला. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा धंद्यांत दंतवाणिज्य आमच्या आचार्यांनी कधीच घालून ठेवलं होतं. त्याच यादीत लाक्षावाणिज्यही आहे, कारण लाख किड्यांपासून येते. म्हणून सावंतवाडीचं लाखकाम मनापासून आवडूनही मामंजींनी राघूला लाखेचं पॉलिश केलं नाही, मेणही लावलं नाही. आठवडाभर रोज जवसाचं तेल चोळायचं, तासाभरानं कोरड्या फडक्यानं पुसायचं, एवढंच. डोळ्यांना सासूबाईंच्या जुन्या पोतीतले दोन काळे मणी बसवले.

या वाचनात एक काठी मात्र माझ्या मनात घर करून राहिली. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात हेन्री गजेल नावाचा एक लोहार होता. तो काळा माणूस गुलाम म्हणून जन्मला, आणि गुलामगिरी उठून दोन-तीन वर्षं होतात न होतात तोच, १८६७ च्या सुमाराला, त्यानं एक काठी कोरली. ती आज येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आहे. पिळाची मूठ, खाली दांड्यावर सरडा, कासव, गुडघे दुमडलेला एक माणूस, वळसे घालणारा साप. ही काठी त्यानं केली एका गोऱ्या माणसासाठी, यादवी युद्धात गुडघा जखमी झालेल्यासाठी. तो त्याच्या जुन्या मालकाचा मित्र होता. कोरणाऱ्याच्या मनात तेव्हा काय होतं, माया, व्यवहार की आणखी काही, ते काठी सांगत नाही. पण ज्याचं स्वतःचं शरीर काल-परवापर्यंत दुसऱ्याच्या मालकीचं होतं, त्यानं दुसऱ्याच्या लंगड्या पायासाठी इतकं जीव ओतून काम केलं, हे वाचून मी पुस्तक मिटून बसले होते.

होळीच्या आसपास राघू तयार झाला. खाली रबरी बूट बसला. मामंजींनी काठी सासूबाईंच्या खाटेला टेकवून ठेवली आणि काही न बोलता फिरायला निघून गेले. दोन दिवस ती तिथंच होती. तिसऱ्या दिवशी सकाळी टक् टक् आवाज आला. सासूबाई अंगणात होत्या.

महिन्याभरात त्या बस्तीच्या पायऱ्या चढल्या. चढताना चांगला पाय आधी. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी, हे त्या पुटपुटत राहायच्या. गल्लीतली पोरं धावत यायची, "आजी, राघू दाखव की!" बायका विचारायच्या, "कुणी केला गे हा?" मी मागून बघत असायची. आधी सगळ्यांची नजर त्यांच्या पायाकडे जायची आणि मग तोंडावर यायचा तो "अरेरे" असा भाव. आता नजर राघूकडे जायची. पाय तसाच होता, चालही तशीच होती. पण बोलणं राघूचं व्हायचं, आणि सासूबाईंना सांगायला काहीतरी असायचं. "आमच्या ह्यांनी केलाय," असं त्या सांगायच्या. या वेळी ते खरं होतं.

नक्षीकामाला आपण फुकटचं, वरवरचं समजतो. दांडा भार घेतो आणि मूठ नुसती शोभेची, असं म्हणतो. मला तसं वाटत नाही. अॅल्युमिनियमच्या काठीनंही त्यांचा भार घेतलाच असता, पण ती त्यांनी हातातच घेतली नाही. माणसाची लाज ओलांडून जे त्याच्या हातापर्यंत पोचतं, ते शोभेचं कसं? मात्र त्या शोभेनं तळहातापुढं नमतं घेतलं पाहिजे. टोकदार कान, ताठ शिंगं, उघडा जबडा कपाटात ठेवायला छान. पन्नास किलोचा भार टाकून पाहा, हात सोलून निघतो.

चार वर्षं राघूनं साथ दिली. त्याची पाठ घामानं आणि हाताच्या तेलानं काळसर तुकतुकीत झाली, अंगठ्याखालचं एक पंख जवळजवळ पुसलं गेलं. मग सासूबाई गेल्या. झोपेतच, शांतपणे.

आता मामंजी ब्याऐंशीचे आहेत आणि त्यांना काठी लागते. पुण्याचे भावोजी म्हणाले, "आईची आहे की, तीच वापरा." मामंजींनी ती हातात घेतली, दोन पावलं टाकली आणि परत ठेवली. ते उंच, साडेचार इंच कमी पडते. खालून जोड देता येईल, असं कुणीतरी सुचवलं. ते म्हणाले, "जोड देता येईल. पण बोटांच्या खळ्या तिच्या आहेत." घर, दागिने, भांडी मागच्यांना मिळतात, काठी मिळत नाही. ती एकाच हाताची असते.

त्यांना बैल हवा आहे. मी म्हटलं, "मामंजी, ऋषभदेवांचं लांछन." ते म्हणाले, "ठाऊक आहे. पण हा त्याआधी आमच्या दावणीचा. आयुष्यभर ह्याच्या मानेवर जू ठेवलं. एकदा डोक्यावर हात ठेवू दे." सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या, यावर आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प राहिलो.

त्यांचा हात आता थरथरतो, पटाशी धरवत नाही. म्हणून कोरते आहे मी. बी.ए.ला मराठी घेतलेली बाई पन्नाशीनंतर कानस मारायला शिकते आहे. ते खुर्चीत बसून सांगतात, "रेषेच्या उलट जाऊ नकोस, खपली निघेल." खिल्लार बैलाची शिंगं मुळातच मागं झुकलेली असतात, त्यामुळं ती मानेला चिकटवून कोरता आली, तळहाताला टोचत नाहीत. भोक आधी पाडून घेतलं. कणकेत हात दाबून घेतला. थरथरीमुळं ठसा पुसट आला, तीनदा घ्यावा लागला. काल त्यांनी डोळे मिटून नाकपुडीपासून मानेपर्यंत अंगठा फिरवला आणि म्हणाले, डाव्या गालावर अजून एक धान्याएवढं लाकूड जास्त आहे.

डोळे कधी करायचे, असं मी विचारलं. ते म्हणाले, "सगळ्यात शेवटी. एकदा त्यानं बघायला सुरुवात केली की तोंडावर कानस चालवायला हात धजत नाही."

म्हणून बैलाला अजून डोळे नाहीत. गाल उतरवते आहे.